ओसीडीवर विजयाचे थेंब चालतात का?

मोबाइलवर जाहिरात दिसते, घरपोच बाटली येते, तिच्यावर 'विजया अर्क' असं छापलेलं असतं. विजया म्हणजे भांग-गांज्याचंच झाड, आयुर्वेदातलं त्याचं नाव. झोप, चिंता, दुखणं यांच्या यादीत हल्ली ओसीडीही (नको ते विचार आणि त्यापायी पुन्हा पुन्हा केली जाणारी कृती यांचा आजार) दिसते. मग डॉक्टरांसमोर प्रश्न येतो: हे थेंब घेतले तर गोळ्या बंद करता येतील का?

माझं उत्तर आधीच देतो. ओसीडीचा उपचार म्हणून आज गांजा, सीबीडी (याच झाडातला नशा न आणणारा घटक) किंवा विजया अर्क सुचवण्याइतका पुरावा नाही. जगातल्या एकाही औषध नियामक संस्थेने गांजापासून बनलेल्या औषधाला ओसीडीसाठी मान्यता दिलेली नाही. संशोधन मात्र चालू आहे, त्यातल्या काही गोष्टी खरोखर लक्षवेधी आहेत. पण ज्यांना हा प्रश्न पडतो त्यातल्या बऱ्याच जणांना ओसीडीचा सिद्ध झालेला उपचार पुऱ्या मात्रेत, पुरेसा काळ मिळालेलाच नसतो. मला जास्त टोचतं ते हे.

आधी आजार समजून घेऊ. ओसीडीला आपल्याकडे मंत्रचळ म्हणतात, सोवळ्याचं वेड म्हणतात, कधी 'स्वभावच तसा आहे' म्हणून सोडून देतात. राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात (२०१५-१६) देशातल्या प्रौढांमध्ये याचं प्रमाण हजारी सुमारे आठ आढळलं. आजाराचे भाग दोन. पहिला, नको असताना डोक्यात घुसणारा विचार, चित्र किंवा शंका: हात विटाळले, गॅस चालू राहिला, देवासमोर घाणेरडा शब्द मनात आला, आपल्या हातून लेकराला इजा होईल. दुसरा, त्या विचाराची भीती शमवण्यासाठी केलेली कृती: धुणं, तपासणं, मोजणं, पुन्हा पुन्हा विचारणं, मनातल्या मनात नाव घेणं. मनातली कृती बाहेरून दिसत नाही, म्हणून ती सर्वांत उशिरा सापडते. तुळजापूरला दर्शनाच्या रांगेत उभं असताना देवीबद्दल अभद्र विचार आला आणि तो पुसायला १०८ वेळा जप, मध्ये चुकलं तर पुन्हा पहिल्यापासून. घरच्यांना वाटतं पोरगा फार भाविक आहे. तो भाविक असेलही, पण या जपात भक्ती नाही, धास्ती आहे. स्वतः रुग्णालाही आतून ते कळत असतं.

दुष्काळी भागात धुण्याची ओसीडी लवकर उघडी पडते. नळाला आठ-दहा दिवसांनी पाणी येतं, बाकीचं टँकरवर. घरचा एक बॅरल एकट्या माणसाच्या हातपाय धुण्यात संपला की भांडण होतंच. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं; अशा दिवसांत धुतल्याशिवाय राहू न शकणाऱ्या माणसाची आणि त्याच्या घराची काय अवस्था होत असेल ते सांगायला नको. पण पाणी नाही म्हणून आजार कमी होत नाही. धुणं थांबतं, शंका तशीच राहते. मग माणूस घरातल्या वस्तूंना हातच लावायचं सोडतो, आणि टाळणं हीसुद्धा आजाराचीच कृती आहे.

हे चक्र चालतं कसं ते नीट पाहायला हवं, कारण गांजाचा प्रश्न इथेच अडकतो. शंका आली, भीती चढली, धुतलं, भीती उतरली. मेंदूने त्यातून एकच धडा घेतला: धुतलं म्हणून वाचलो. पुढच्या वेळी शंका आणखी जोरात येते. मेंदूच्या तपासण्यांत कपाळामागचा ऑर्बिटोफ्रंटल भाग, खोलातला स्ट्रायटम आणि थॅलॅमस यांना जोडणारं वर्तुळ ओसीडीत जास्त तापलेलं दिसतं. 'काहीतरी चुकलं' ही सूचना एकदा सुरू झाली की बंद होत नाही.

आता गांजाकडे. या वर्तुळातल्या अनेक भागांत सीबी१ नावाचे रिसेप्टर (पेशींवरच्या, ठरावीक पदार्थ बसण्याच्या जागा) दाटीने असतात. शरीर स्वतः आनंदामाइडसारखे पदार्थ बनवतं, ते या रिसेप्टरांवर बसतात आणि भीती विसरायला शिकण्यात भाग घेतात. गांजातला टीएचसी हा घटक याच रिसेप्टरांवर बसतो, नशा त्याचीच. सीबीडी नशा आणत नाही, तो आडवाटेने काम करतो. उंदीर भुशात गोट्या पुरत बसतात, आणि या वागण्यावर औषधाचा काय परिणाम होतो यावरून ओसीडीच्या औषधांचा अंदाज घेण्याची जुनी पद्धत आहे. सीबीडी दिल्यावर हे पुरणं कमी झालं. तर्क बरोबर दिशेने जातो यात शंका नाही. पण उंदराच्या गोट्यांपासून माणसाच्या शंकेपर्यंतचं अंतर मोठं आहे.

माणसांवरचा सर्वांत जास्त सांगितला जाणारा अभ्यास अमेरिकेतल्या वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठातला. स्वतःला ओसीडी असल्याचं सांगणाऱ्या ८७ जणांनी ३१ महिन्यांत गांजा ओढण्याआधी आणि नंतर एका ॲपवर आपल्या त्रासाला गुण दिले. कृती ६० टक्के कमी, घुसखोर विचार ४९ टक्के कमी, चिंता ५२ टक्के कमी. जाहिरातींत इथवरच सांगतात. पुढचं असं: तुलनेला खोटं औषध दिलेला गट नव्हता, निदान कुणी तपासलेलं नव्हतं, मोजमाप ओढल्यानंतर चार तासांच्या आतलं. आणि दर वेळी ओढण्याआधीचा त्रास पूर्ण काळात साधारण तेवढाच राहिला. पुढे पुढे तर विचारांवरचा आरामही थोडा घटत गेला. म्हणजे चार तास बरं वाटलं, आजार जागेवरच.

खोट्या गांज्याशी तुलना करणारा छोटा अभ्यास २०२० मध्ये आला. ओसीडी असलेले १४ प्रौढ, प्रत्येकाने वेगवेगळ्या दिवशी तीन प्रकारचा गांजा ओढला: जास्त टीएचसीचा, जास्त सीबीडीचा आणि दोन्ही काढून टाकलेला. ओसीडीच्या लक्षणांत तिन्हींमध्ये फारसा फरक पडला नाही. चिंता तर खोट्या गांज्यानेच जास्त उतरली. टीएचसीने नाडी आणि रक्तदाब वाढवला.

तिसरा अभ्यास मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, जरी त्यात माणसं फक्त ११ होती. त्यांना नॅबिलोन हे टीएचसीसारखं कृत्रिम औषध चार आठवडे दिलं. साधारण अर्ध्यांना नुसतं औषध, बाकीच्यांना औषधासोबत वर्तन-उपचार (भीतीला सामोरं जाण्याचा सराव, तो पुढे सांगतो). नुसतं औषध घेणाऱ्यांचे ओसीडीचे गुण (चाळीसपैकी; जास्त गुण म्हणजे जास्त त्रास) सरासरी सुमारे अडीचने उतरले, दोन्ही मिळालेल्यांचे सुमारे अकराने. नुसता वर्तन-उपचार घेणारा गट नव्हता, त्यामुळे यात औषधाचा वाटा किती ते सांगता येत नाही. पण औषध एकट्याने फारसं काही करत नाही हे त्यातून दिसतं.

म्हणूनच गांजाच्या आरामाबद्दल मी सावध आहे. भीती चढली की चिलीम, भीती चढली की जिभेखाली पाच थेंब: हे घडतं तेव्हा थेंब म्हणजे आणखी एक धुणंच होतं. मेंदू पुन्हा तोच धडा शिकतो, फक्त पाण्याच्या जागी बाटली येते. वारंवार तपासणाऱ्यांचा प्रश्न आणखी अवघड. जितकं जास्त तपासाल तितका स्वतःच्या आठवणीवरचा भरवसा कमी होतो, हे प्रयोगांत दिसलेलं आहे. टीएचसी ताजी आठवण धूसर करतो. 'कुलूप लावलं का?' या शंकेने आधीच पोखरलेल्या माणसाला हे परवडणारं नाही. शिवाय टीएचसीने काहींना घबराटीचे झटके येतात, संशय वाढतो. घरात कुणाला स्किझोफ्रेनिया किंवा बायपोलर असेल, वय पंचविशीच्या आत असेल, किंवा गर्भ असेल, तर यापासून लांबच राहावं.

आता बाटलीचा हिशोब. चिंतेवरच्या प्रयोगांत सीबीडीची एका वेळची मात्रा ३०० ते ६०० मिलिग्रॅम होती. लहान मुलांच्या काही दुर्मिळ मिरगीच्या आजारांवर अमेरिकेत २०१८ साली मान्य झालेल्या शुद्ध सीबीडीच्या औषधाची मात्रा दिवसाला वजनाच्या किलोमागे १० ते २० मिलिग्रॅम. बाजारातली ३० मिलिची बाटली धरा, तिच्यात एकूण १००० मिलिग्रॅम अर्क. एका मिलित साधारण ३३ मिलिग्रॅम, एका मिलिचे सुमारे २० थेंब, म्हणजे थेंबाला दीडपावणेदोन मिलिग्रॅम. पाच थेंबांत आठ मिलिग्रॅम. ३०० गाठायला पावणेदोनशे थेंबांच्याही पलीकडे, नऊ मिलि लागतील, आणि बाटली तीन-चार दिवसांत संपेल. तेही सगळा अर्क सीबीडी असेल तर. पुष्कळ बाटल्यांवर नुसतं 'विजया अर्क' इतके मिलिग्रॅम असं असतं. त्यात सीबीडी किती, टीएचसी किती हे वेगळं दिलेलं नसतं. ते आकडे आणि त्या बॅचचा प्रयोगशाळेचा दाखला नसेल तर बाटलीत काय आहे हे घेणाऱ्याला कळण्याचा मार्गच नाही.

दुसरी अडचण गोळ्यांशी होणाऱ्या गाठीची. सीबीडी यकृतातली सीवायपी२सी१९ आणि सीवायपी३ए४ ही औषधं मोडणारी एन्झाइम मंदावतो. सिटॅलोप्रॅम आणि एस्सिटॅलोप्रॅम या ओसीडीत दिल्या जाणाऱ्या गोळ्यांची रक्तातली पातळी त्याने वाढते. क्लोमिप्रामिनही काही अंशी याच एन्झाइमांवर अवलंबून आहे, आणि त्याची पातळी वाढली तर हृदयाचे ठोके बिघडू शकतात, फिटही येऊ शकते. उलट बाजूने ओसीडीची फ्लुव्होक्सामिन ही गोळीही सीवायपी२सी१९ जोरात अडवते, म्हणजे सीबीडीचीच पातळी वाढू शकते. मिरगीसाठी व्हॅल्प्रोएट चालू असेल तर सीबीडीने यकृताचे आकडे बिघडण्याची शक्यता वाढते. म्हणून थेंब सुरू असतील तर डॉक्टरांना सांगाच, बाटली सोबत घेऊन जा. लाजेने लपवलं तर गोळीची मात्रा चुकीच्या अंदाजावर ठरते.

कायद्याचं थोडक्यात. १९८५ च्या एनडीपीएस (अमली पदार्थविरोधी) कायद्यात गांजा म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे, आणि चरस म्हणजे राळ. नुसती पानं आणि बिया त्या व्याख्येत येत नाहीत, म्हणून पानांपासून केलेली विजयाची औषधं आयुष (आयुर्वेदिक औषधांच्या) परवान्यावर विकली जातात, आणि औषध नियमांच्या ई-१ या विषारी द्रव्यांच्या यादीत भांग असल्यामुळे ती वैद्याच्या देखरेखीखालीच घ्यायची असतात. गांजा एक किलोपर्यंत जवळ बाळगला तरी एक वर्षापर्यंत सक्तमजुरी होऊ शकते, सेवनासाठी सहा महिन्यांपर्यंत. 'औषध म्हणून ओढतो' हा बचाव चालत नाही. महाशिवरात्रीला परळीत किंवा औंढ्याला भांग घेतली जाते म्हणून ती कुठेही मोकळी आहे असंही नाही. राज्याचा १९४९ चा दारूबंदी कायदा भांगेलाही लागू आहे. ऑस्ट्रेलियात किंवा ब्रिटनमध्ये डॉक्टर चिठ्ठीवर गांजाचं औषध देऊ शकतात हे खरं, पण तिथली वाट इथे उघडी नाही.

मग करायचं काय? आधी आपल्या कागदांची फाइल काढा आणि दोन गोष्टी तपासा.

पहिली, गोळीची मात्रा आणि काळ. ओसीडीला नैराश्यापेक्षा जास्त मात्रा लागते आणि जास्त वेळ लागतो. फ्लुऑक्सेटिन २० मिलिग्रॅमवर सुरू होतं, पण ओसीडीत बहुधा ४० ते ६० लागतं, कधी ८०. सर्ट्रालिन २०० पर्यंत, फ्लुव्होक्सामिन ३०० पर्यंत नेता येतं. क्लोमिप्रामिन २५ पासून हळूहळू २५० पर्यंत, ईसीजी पाहून. सोसवेल त्या पुऱ्या मात्रेवर आठ ते बारा आठवडे झाल्याशिवाय औषध निकामी ठरवता येत नाही. फ्लुऑक्सेटिन २० महिनाभर घेतलं, फरक नाही, डॉक्टर बदलला, दुसऱ्यांनी दुसरी गोळी २० वरच सुरू केली: अशा तीन-चार चिठ्ठ्या फाइलमध्ये असतील तर 'गोळ्या लागू पडत नाहीत' असं म्हणू नका, गोळी अजून पुरती मिळालेलीच नाही. अर्थात मात्रा वाढवायची ती डॉक्टरांनी, स्वतः नाही. पहिले दोन आठवडे मळमळ, अस्वस्थता, झोप उडणं होतं. तरुणांमध्ये या काळात जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार वाढले तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवायचं. बरं वाटल्यावरही किमान एक-दोन वर्षं औषध चालतं आणि हळूहळूच उतरवतात. चिठ्ठीवर फक्त अल्प्राझोलाम ही चिंता शमवणारी गोळी असेल तर तो ओसीडीचा उपचार नाही, आणि त्याची सवय लागते.

दुसरी, वर्तन-उपचार मिळाला का? याला ईआरपी म्हणतात: भीतीला सामोरं जायचं आणि नेहमीची कृती करायची नाही. लंडनमध्ये व्हिक्टर मेयर यांनी १९६६ मध्ये याची पहिली मांडणी केली, आणि आजही याच्याइतका भक्कम पुरावा दुसऱ्या कुठल्या मानसोपचाराचा नाही. 'मनावर ताबा ठेवा', 'सकारात्मक विचार करा' हे समुपदेशन ईआरपीत मोडत नाही.

धुण्याच्या ओसीडीत हे असं चालतं. शून्य ते शंभर भीतीचे गुण देऊन पायऱ्या लिहायच्या. समजा, स्वतःची चप्पल हाताने उचलणं ३०, वापरलेल्या नोटा मोजणं ४०, एसटीतला दांडा धरणं ५५, स्टँडवरच्या संडासाची कडी ७५, आणि ती कडी धरलेल्या हाताने घरातल्या ज्वारीच्या कोठीत हात घालणं ९५. सुरुवात तिसाच्या पायरीपासून. चप्पल उचलायची, मग तोच हात कपड्यांना, तोंडाला, अंथरुणाला लावायचा, आणि धुवायचं नाही. भीती चढेल. चढू द्यायची. ४५ मिनिटं ते तासभर तिच्यासोबत बसायचं; ती अर्ध्यावर येते, किंवा न येताही सोसता येते, आणि दोन्ही चालतं. हेच रोज. तीच पायरी कंटाळवाणी झाली की पुढची. प्रशिक्षित माणसासोबत साधारण १२ ते २० बैठका, आणि खरं काम दोन बैठकांच्या मधल्या दिवसांत घरी.

हे फसतं ते छोट्या चोरवाटांनी. चप्पल उचलली पण दोन बोटांनीच. धुतलं नाही पण 'संध्याकाळी आंघोळ आहेच' अशी मनात समजूत घातली. पूर्ण वेळ मोबाइल पाहिला. मनात मोजत बसलं. आणि थेंब घेऊन बसलं तर भीती चढलीच नाही, म्हणून शिकणंही झालं नाही. पाण्यासाठी साधं माप ठेवा: हात जेवणाआधी आणि संडासनंतर, वीस सेकंद, एक तांब्या; आंघोळ एक बादली. ही मर्यादा रुग्णासोबत बसून ठरवायची, रागाच्या भरात नळ बंद करून नाही. डेटॉल-फिनाईलने भेगाळलेल्या हातांवर त्वचेच्या डॉक्टरांकडूनही उपचार घ्या.

देवाबद्दलच्या किंवा इजा करण्याच्या विचारांत पायऱ्या वेगळ्या. तो विचार स्वतःच्या अक्षरात लिहायचा, मोबाइलवर आवाज भरून रोज अर्धा तास ऐकायचा, आणि नंतर जप, माफी, 'मी वाईट नाही ना?' हे काही नाही. ज्याला हे विचार छळतात तो ते करणारा नसतो. ते त्याला किळसवाणे वाटतात म्हणूनच अडकून बसतात.

घरच्यांचं काम सर्वांत अवघड. 'आई, कुलूप लागलंय ना?' याला आईने दिवसातून वीस वेळा 'हो बाळा' म्हटलं की तीही चक्रात आली. एकदम उत्तर तोडायचं नाही, आधी सांगून ठेवायचं. मग, 'तुला शंकेने घेरलंय हे दिसतंय मला. मी उत्तर देणार नाही, पण तुझ्यापाशी बसते.' सुरुवातीला चिडचिड, रडारड वाढते. पहिल्या आठवड्यात घरचे इथेच माघार घेतात, आणि मग पुढच्या वेळी पोर आणखी जोर लावतं. वडील कडक आणि आजी लपून धुवायला पाणी देते, असं झालं तरी काम बसत नाही. सगळ्यांनी एकच ठरवावं.

प्रगती मोजायला वाय-बॉक्स नावाची मोजपट्टी आहे, शून्य ते चाळीस गुणांची. १६ ते २३ मध्यम, २४ ते ३१ तीव्र. दर महिन्याला डॉक्टरांकडून मोजून फाइलमध्ये लिहून घ्या; गुण ३५ टक्क्यांनी उतरले तर उपचार लागू पडला असं मानतात. दोन गोळ्या पुऱ्या मात्रेत आणि ईआरपी होऊनही उतरले नाहीत, तर पुढेही वाटा आहेत: रिस्पेरिडोन किंवा ॲरिपिप्राझोल या औषधांची थोडी जोड, मेंदूला बाहेरून चुंबकीय उत्तेजना, बंगळुरूच्या निम्हान्समधलं ओसीडीचं खास क्लिनिक. यातली प्रत्येक वाट थेंबांच्या आधी येते.

संभाजीनगरच्या घाटीत, अंबाजोगाई, लातूर, नांदेडच्या शासकीय महाविद्यालयांत मानसोपचार विभाग आहेत, जिल्हा रुग्णालयांत जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाची ओपीडी असते. टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, मराठीत बोलता येतं. फोनवर किंवा ओपीडीत थेट विचारा: इथे ईआरपी कोण करतं? गावात कुणी नसेल तर शहरातल्या चिकित्सा मानसशास्त्रज्ञासोबत व्हिडिओवरही हे काम होतं, फक्त घरात एक दार बंद होणारी खोली आणि तासभराची शांतता हवी.

जे आधीपासून रोज गांजा ओढतात त्यांच्यासाठी एक तपशील. बंद केल्यावर पहिल्या एक ते तीन दिवसांत चिडचिड, अस्वस्थता, झोप न येणं, वाईट स्वप्नं सुरू होतात आणि साधारण दोन आठवडे टिकतात. झोपेचा त्रास त्याहून लांबू शकतो. या दिवसांत शंकाही जोर करतात, आणि 'बघा, गांजामुळेच मी बरा होतो' असं वाटून माणूस परत ओढतो. म्हणून बंद करण्याची तारीख डॉक्टरांना आधी सांगा, ती परीक्षेच्या किंवा पेरणीच्या आठवड्यात ठेवू नका, गोळी चुकवू नका, आणि ओसीडीचे गुण त्या दोन आठवड्यांत मोजण्याऐवजी महिन्यानंतर मोजा.